भेगेवरची काच

१

बाटल्यांचा लोखंडी रॅक भिंतीपासून सरकला, मागे काचेची एक पट्टी दिसली आणि सात घरांचा दावा उभ्या उभ्या आडवा झाला.

पट्टी बोटभर रुंद होती. तळघराच्या भिंतीवरून खाली उतरलेल्या भेगेवर ती कुणीतरी आडवी बसवली होती. दोन्ही टोकांना जिप्समचे गोळे थापलेले, मधोमध काच तडकलेली. डाव्या गोळ्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: जी. एस., मे महिना, गेल्याच्या आदल्या वर्षाचा आकडा.

"अरे वा!" बिल्डरचे वकील फुमारोला म्हणाले. लग्नातला आहेर उघडावा तसा त्यांचा चेहरा उघडला.

ब्रिंदिसीच्या कोर्टानं तपासणीला नेमलेले इंजिनियर काराम्या वाकले. धुळकट पिवळ्या दिव्याखाली त्यांनी ती अक्षरं पुन्हा वाचली. "भिंत हलतेय का ते बघायला अशी काच लावतात. हलली की तडकते. जी. एस. कोण?"

"जाकोमो सोलेती," फुमारोला चटकन म्हणाले. "या इमारतीचे तेव्हाचे व्यवस्थापक. देव त्यांना शांती देवो. म्हणजे भिंत हलतेय हे व्यवस्थापकांना दोन वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. आणि व्यवस्थापकाला ठाऊक म्हणजे सगळ्या मालकांना ठाऊक. तक्रार मात्र यांनी केली गेल्या ऑक्टोबरात. कायदा मुदत किती देतो हो, वकीलबाई?"

वकीलबाई म्हणजे एर्सिलिया कॉन्व्हेर्तिनी. सात घरांची बाजू तिची होती. उत्तर तिला येत होतं. द्यायचं मात्र नव्हतं.

"गंभीर दोष ध्यानात आल्यापासून एक वर्ष," ती म्हणाली.

"मग झालंच की!"

बिल्डर लोपार्को कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. आठ वर्षांपूर्वी ही इमारत त्यानं बांधली, चाव्या देताना प्रत्येक घराला वाइनची बाटली दिली, आणि तेव्हापासून कुणाचाही फोन उचलला नव्हता. आज पहिल्यांदा तो हसला.

मालकांच्या घोळक्यातून पहिल्या मजल्यावरची जुलित्ता मावशी पुढे आली. चौऱ्याहत्तरीची, हडकुळी, हातात जपमाळ. रानातली जमीन आणि दगडी घर विकून तिनं इथं दोन खोल्या घेतल्या होत्या. तिच्या पलंगावरच्या भिंतीतली भेग आता मूठ जाईल एवढी झाली होती. नगरपालिकेनं बजावलं होतं की दुरुस्तीची सोय झाली नाही, तर उन्हाळा संपायच्या आत घर सोडावं लागेल.

"एर्सिलिया, खरं सांग," ती म्हणाली. "एवढ्याशा काचेनं माझं घर जाणार?"

इंजिनियर काराम्यांनी वही मिटली. "पुढच्या गुरुवारी मी पुन्हा येतो. तोवर या काचेला कुणी हात लावायचा नाही."

२

बाहेर जिन्यात सभा भरली. म्हणजे सगळे एकदम बोलू लागले.

दक्षिण इटलीतल्या या चिस्तेर्निनो गावातल्या लोकांना चुन्याचं वेड. जुनं घर असो की नवं, ईस्टरच्या आधी चुन्याचा हात फिरलाच पाहिजे. या इमारतीत जिना आणि तळघर रंगवायचं काम जुलित्ता मावशीनं स्वतःकडे घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी थांबवलंही नव्हतं. चुना झळकावा म्हणून त्यात ती चिमूटभर नीळ घालायची. यंदा पुडीच बादलीत सांडली. तेव्हापासून जिना आभाळासारखा दिसत होता आणि लोक तिला विचारत होते, "मावशी, मासे कधी सोडताय?"

आज मात्र कुणी चेष्टा करत नव्हतं.

"सोलेतीनं आम्हाला सांगितलं का नाही?" तळमजल्यावरचा खाटीक कतालदो झिझ्झी ओरडला. बैलासारखा गडी, आवाजही तसाच. "मेला आणि आम्हाला पुरून गेला! संपला दावा. वकीलबाई, आता सोडून द्या. उगाच खर्च कशाला?"

"मेलेल्या माणसावर ओरडायला काय जातं?" तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक पुन्झी सर काठीवर रेलून म्हणाले. "तो उत्तर देत नाही."

"सर, तुम्हाला काय! तुम्ही फ्लॅट विकून चाललात. हॉलंडचं जोडपं यायचंय ना बघायला? कोर्टकचेरी थांबली तर तुमचंच बरं."

"आणि तुझं रे? तू तर आत्ताच सोडून द्या म्हणालास."

"गप्प बसा!" एर्सिलियानं दोन पायऱ्या वर चढून हात उंचावला. "नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही. बांधकामात गंभीर दोष निघाला तर बिल्डर दहा वर्षं बांधील असतो. ती दहा वर्षं अजून सरलेली नाहीत. पण दोष कळल्यावर वर्षाच्या आत तक्रार, आणि तक्रारीपासून वर्षाच्या आत दावा, हेही पाळावं लागतं. आपण आधी कोर्टाचा इंजिनियर मागवला, कारण त्याचा अहवाल हातात असला की खटला लढता येतो, नाहीतर बिल्डरला तडजोडीला बसवता येतं. ही काच खरी असेल, तर दोन्ही वाटा बंद. मग उरते एकच: आपापसात पैसे काढा आणि स्वतः दुरुस्त करा."

ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी खाली पाहिलं. जुलित्ता मावशीकडे नव्हते, म्हणून ती समोर पाहत राहिली.

"खरी असेल तर म्हणजे?" पुन्झी सरांनी नेमका शब्द पकडला. शिक्षकांची खोड.

"म्हणजे खोटीही असू शकते."

जुलित्ता मावशी एक पायरी वर सरकली.

"मी यंदा तिथं चुना लावला तेव्हा काच नव्हती," मावशी म्हणाली. मग लगेच चाचरली. "म्हणजे... रॅक जड. तो काही माझ्यानं हलत नाही. मागे लांब दांड्याचा ब्रश घालते नि फिरवते. दिसत काहीच नाही गं."

एर्सिलियानं मनात दोन गोष्टी टिपल्या. एक, मावशीची साक्ष कोर्टात टिकणार नाही. ती स्वतःच मालक. दुसरी जास्त टोचणारी होती. गेल्या उन्हाळ्यात बाटल्या चोरीला गेल्यावर तळघराचं कुलूप बदललं होतं, आणि नव्या किल्ल्या फक्त मालकांकडे होत्या. लोपार्कोकडे नव्हती.

म्हणजे काच खोटी असली, तर ती लावणारा आत्ता याच जिन्यात उभा होता.

३

फायदा कुणाचा, हे आधी बघायचं. एर्सिलियाचे वडील बाजारात बदाम तोलायचे. तराजूपेक्षा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे जास्त बघायचे. पोरीनं तेवढंच वतन घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्झी सरांकडे गेली. पूर्वेकडचा फ्लॅट, गच्चीला मोगरा, आणि दार उघडायला सरांना खांदा लावावा लागला.

"गेल्या वर्षी तासून घेतलं, पुन्हा अडकतंय," ते म्हणाले. "मावशीचं तसंच आहे. पश्चिमेकडचे सुखी. त्यांची दारं लोण्यासारखी फिरतात. बसा. कॉफी घेणार की थेट आरोप?"

"आधी कॉफी."

"शहाण्या आहात." त्यांनी भांडं गॅसवर ठेवलं. "तुम्ही मनात म्हणत असाल, म्हातारा घर विकतोय, खटल्याचा बभ्रा त्याला नकोय. बरोबर. नकोच आहे. खटला चालू असलेलं घर कुणी घेत नाही."

"मग काच तुम्ही लावली?"

"लावली असती तर तडकवली नसती. माझं गिऱ्हाईक भेग बघून पळेल, काच बघून जास्त पळेल." ते हसले आणि कॉफी ओतू लागले.

एर्सिलियाची नजर तोवर भिंतीवर स्थिरावली होती. सरांच्या लग्नाचा फोटो. चौकट जुनी, लाकडी. आत फोटो होता, पुठ्ठा होता. काच नव्हती.

"सर, या फोटोची काच?"

सरांनी मान वळवून फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हां. हे बघून तुम्हाला आनंद झालेला दिसतोय."

"कुठे गेली?"

"केराच्या डब्यात. मार्चमध्ये खिळा सुटला, चौकट पडली, काच फुटली. विश्वास ठेवू नका, मीही ठेवला नसता." ते उठले, काठी टेकत भिंतीपाशी गेले. "हे भोक बघा. खिळा कुणी उपटलेला नाही, गिलावाच फाकलाय. भिंत त्या बाजूला कलते आहे, वकीलबाई. माझं लग्न पंचेचाळीस वर्षं टिकलं, भिंत आठ."

एर्सिलिया भोकाजवळ गेली. खरंच, त्याच्या कडेनं केसासारखी भेग पूर्वेकडे गेली होती. त्या काठीनं ते पायऱ्या उतरतात हेच खूप; बाटल्यांनी भरलेला रॅक त्यांच्यानं इंचभर सरकला नसता. तरी एखाद्याला मदतीला घेता येतं.

दार पुन्हा खांद्यानं लावताना सर म्हणाले, "एक शिक्षकी प्रश्न विचारू? सोलेती बांधकामातला माणूस होता ना? मोजणी-नकाशे करायचा. त्यानं ती काच तशी लावली असती?"

"तशी म्हणजे कशी?"

"ते तुम्ही बघायचं. मी इतिहास शिकवायचो."

४

ती धावतच तळघरात उतरली. या खेपेस तिनं रस्त्याच्या कडेची जाळी उघडली आणि दुपारचं ऊन सरळ भिंतीवर पाडलं.

पिवळ्या दिव्याखाली जे एकच पांढरं दिसलं होतं, त्याचे आता दोन रंग झाले. भिंत निळसर. जिप्समचे गोळे पांढरेफटक.

मावशीच्या ब्रशानं ईस्टरला इथली भिंत निळी केली होती. गोळे जर दोन वर्षांपूर्वीचे, तर ते निळे का नाहीत? आणि त्यांच्यावर रंगाचा हात मात्र होता. कुणीतरी मुद्दाम फिरवलेला, जुने वाटावेत म्हणून. घाईत त्याला वाटलं असेल, पांढरं ते पांढरं.

तिनं नाक भिंतीला लावलं. सरांचा प्रश्न आता उलगडला. काच थेट चुन्यावर चिकटवली होती. जाणता माणूस आधी चुना आणि गिलावा खरवडतो, खालच्या दगडावर काच बसवतो. नाहीतर हललं काय, भिंत की नुसता पापुद्रा, हे कळणार कसं? सोलेतीनं असं केलं नसतं. लोपार्कोनंही नाही, त्याला माणूस फसवायचा असता तरी हातानं सवयीनं खरवडलंच असतं. हे काम अडाण्याचं होतं. अडाण्याचं, पण रॅक हलवणाऱ्या दंडांचं.

आता तो पांढरा हात कशाचा? कोर्टाच्या पुराव्याला तिला बोट लावायचं नव्हतं. पण रॅकच्या वरच्या फळीवर, भिंतीकडच्या कडेला, दोन पांढरे थेंब सांडलेले होते. पुरावा सांडला तर त्याची राखण कोण करतं?

ती मावशीकडून व्हिनेगरची बाटली घेऊन आली. मावशीही मागोमाग आली, भाजी काय करतेयस विचारत.

एर्सिलियानं दूरच्या भिंतीवर व्हिनेगर टाकलं. चुना फसफसला, बुडबुडे उठले.

"अगं बाई, माझी भिंत!"

मग फळीवरच्या थेंबावर टाकलं. काहीच नाही. व्हिनेगर त्यावर कमळाच्या पानावर पाणी राहावं तसं राहिलं.

"हा चुना नाही मावशी. डब्यातला प्लास्टिक पेंट आहे. धुता येतो तो. या इमारतीत कुणाकडे असतो असला रंग?"

"कुणाकडे असणार? घरं सगळ्यांची चुन्यानंच रंगलेली. पुन्झींचंसुद्धा." मावशी थबकली. तिचा हात जपमाळेवर गेला. "एर्सिलिया, नको गं. तो मला दर रविवारी मांस फुकट देतो."

५

इमारतीच्या तळमजल्यावर, पश्चिम टोकाला असलेल्या कतालदोच्या दुकानात संध्याकाळी भट्टी पेटायची. गिऱ्हाइकानं काउंटरवर मांस निवडायचं, त्यानं ते तिथंच भाजून द्यायचं. चीज भरून वळलेल्या मांसाच्या गुंडाळ्यांचा, बोंबेत्त्यांचा, वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. आरोग्य खात्याच्या नियमानं दुकानाच्या भिंती पुसता येतील अशाच हव्यात. म्हणून साऱ्या चुन्याच्या गावात त्याच्या भिंती तेवढ्या गुळगुळीत चकाकायच्या.

तो ओल्या फडक्यानं भिंत पुसत होता तेव्हाच एर्सिलिया आत आली.

"या वकीलबाई! सहा बोंबेत्ते लावू?"

"लाव. आणि कतालदो, तळघरातल्या गोळ्यांवर हाच रंग वापरलास का? छान चकाकतोय."

फडकं हातातच राहिलं. भट्टीत चरबी तडतडली.

"कुठले गोळे?"

"ज्यांच्यावर मेलेल्या सोलेतीची सही आहे. जिवंतपणी तो तुझ्याकडे उधारीवर मांस नेत होता, सही तुला पाठ असेल."

बैलासारखा गडी स्टुलावर बसला. स्टूल करकरलं. दारात गिऱ्हाईक आलं, त्यानं त्याला हातानंच परत पाठवलं. चिस्तेर्निनोत शनिवारी खाटकानं गिऱ्हाईक परत पाठवणं म्हणजे कबुलीजबाबच.

"का रे?" ती म्हणाली. "तूसुद्धा मालक आहेस. भिंत तुझीही फाटतेय."

"माझ्यामुळेच फाटतेय ना!" त्याचा आवाज प्रथमच लहान झाला. तो उठला, मागच्या शीतखोलीचं दार त्यानं एका बोटानं ढकललं. आत हुकांना मांस लटकत होतं. "ही खोली आधी अर्धी होती. चार वर्षांपूर्वी मधली भिंत पाडली मी. परवानगी नाही, काही नाही. गेल्या वर्षी वर भेगा दिसू लागल्या. तुम्ही इंजिनियर आणणार म्हणालात तेव्हा झोपच उडाली. तो इथं येणार, बघणार, आणि म्हणणार, बिल्डर नाही, हा कतालदो दोषी. सात घरं माझ्या गळ्यात! वाटलं, मुदतीच्या मुद्द्यावरच दावा बसला तर तो कशाला खोलात जातोय?"

"आणि जुलित्ता मावशी?"

त्यानं तोंड फिरवलं. "रविवारी तिच्या पिशवीत मांस भरताना हल्ली दोन तुकडे जास्तच टाकतो."

एर्सिलिया शीतखोलीत उभी राहून पाहत होती. गुन्हेगार सापडला, पण सापडून तोट्यातच भर पडली होती. काच खोटी म्हणून सिद्ध करावी, तर फुमारोला विचारणार, कुणी लावली? कतालदोचं नाव आलं, की पाडलेली भिंत बाहेर येणार. मग लोपार्को म्हणणार, बघा, यांनीच स्वतःची इमारत खिळखिळी केली. गप्प राहावं, तर मुदत गेली. दोन्हीकडून मावशी रस्त्यावर.

तिनं शीतखोलीचं दार ओढलं. ते एका बोटानं बंद झालं. पुन्हा उघडलं. पुन्हा बंद केलं.

"काय करताय?"

"हे दार कधी तासलंस?"

"कधीच नाही. का?"

"तुझ्या डोक्यावर, पहिल्या मजल्याला, पश्चिमेकडे राहतात त्यांचं दार अडकतं?"

"नाही बुवा."

एर्सिलिया हसू लागली. आधी हळू, मग इतकी की कतालदो घाबरला.

"अरे गाढवा! तू पाडलेली भिंत पश्चिमेकडे. तिनं इमारत खचली असती, तर आधी तुझ्या डोक्यावरचा मजला बसला असता, तुझं दार अडकलं असतं. अडकतात ती पूर्वेची दारं. मावशीचं, सरांचं. सरांचा खिळा पूर्वेकडे फाकलाय. तळघरातली भेग वर रुंद आणि खाली निमुळती आहे. म्हणजे पूर्वेचं टोक खाली बसत बाहेर कलतंय. तुझ्या बोंबेत्त्यांचा त्यात काही हात नाही."

कतालदोचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे मी... उगाच?"

"उगाच. पण पुरावा खोटा करणं हा गुन्हा आहे, आणि तो तू केलास. मी सात घरांची वकील, तुझा बचाव मला करता येणार नाही. सोमवारीच दुसरा वकील गाठ. आणि इंजिनियरनं अहवाल लिहायच्या आधी स्वतः तोंड उघडलंस, तर न्यायाधीश वेगळ्या डोळ्यांनी बघेल."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर रविवारी मांस पोचवायला मावशीचा नवा पत्ता शोध."

बोंबेत्ते करपल्याचा वास सुटला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

६

गुरुवारी तळघरात उभं राहायला जागा नव्हती. शेजारच्या इमारतीतलेही आले होते; फुकटचा तमाशा कुणाला नको?

"इंजिनियरसाहेब," एर्सिलिया म्हणाली, "उजवा गोळा सर्वांसमक्ष काढावा, एवढंच मागणं. आणि वरची जाळी उघडी असू द्या."

"कशासाठी?" फुमारोलांनी भुवई उंचावली. "पुरावा फोडायचाय?"

"पुरावा पाठीवर कसा दिसतो ते बघायचंय."

काराम्यांनी छिन्नी लावली, हलकेच ठोकलं. गोळा अख्खा सुटला. त्यांनी तो उन्हात धरून उलटा केला.

गोळ्याच्या पाठीवर, नितळ आभाळी, जुलित्ता मावशीचा यंदाचा चुना चिकटून आला होता.

घोळक्यातून एकच आवाज निघाला, फटाक्याची वात पेटल्यावर निघतो तसा.

"हा निळा चुना यंदाच्या ईस्टरचा," एर्सिलिया म्हणाली. "सगळं गाव त्याला हसलंय, साक्षीदार हवे तेवढे मिळतील. दोन वर्षांपूर्वीचा गोळा यंदाच्या चुन्याच्या वर कसा बसेल? त्याच्या अंगावर जो पांढरा हात आहे, तो चुनाही नाही. आणि बांधकामातला माणूस गिलावा न खरवडता काच लावत नाही, हे साहेबांना मी सांगायला नको. काच सोलेतींची नाही. तक्रार वेळेत आहे."

काराम्यांनी गोळ्यावर नख फिरवलं आणि मान डोलावली. "ईस्टरनंतरची आहे. यात शंका नाही."

फुमारोला कसलेले. क्षणभरच गडबडले. "ठीक आहे! पण किल्ल्या मालकांकडे. म्हणजे यांच्यातल्याच कुणीतरी लावली. का लावली? काय लपवायचंय तुम्हा लोकांना?"

एर्सिलियानं जिन्याकडे कान दिला. तिनं मागे पाहिलंही नाही. ऊन भिंतीवर होतं, लोक एकमेकांकडे बघत होते, आणि कतालदोचा पत्ता नव्हता. दुकान बंद करून पळाला की काय?

मग जिन्यावर जड पावलं वाजली. कतालदो कोट घालून आला होता. तो कोट त्यानं लग्नानंतर घातला नसावा; बटणं लागत नव्हती.

"मी लावली," तो म्हणाला. "माझ्या शीतखोलीत भिंत पाडलीय मी, बिनपरवाना. वाटलं, भेगा त्यामुळेच. या साहेब, बघा. आणि जुलित्ता मावशी, माझ्या तोंडावर थुंकायचं असेल तर आत्ताच थुंक, म्हणजे एक काम संपेल."

मावशी थुंकली नाही. तिनं त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की थुंकलेली परवडली असती.

"ऐकलंत?" फुमारोला जवळजवळ नाचलेच. "यांनी स्वतःच भिंत पाडली! बिल्डरचा काय दोष?"

"आपण दारं बघू या का आधी?" एर्सिलिया म्हणाली.

वरात निघाली. काराम्यांनी पाडलेली भिंत पाहिली, वरचं छत मोजलं, शीतखोलीचं दार एका बोटानं फिरवलं. पश्चिमेकडची तीन दारं लोण्यासारखी. मग पूर्वेकडे: मावशीचं दार दोघांनी ढकललं, सरांचं तिघांनी. खिळ्याच्या भोकाशी काराम्या बराच वेळ थांबले.

"भिंत पाडली ते बेकायदा आहे, त्याचं उत्तर त्याला द्यावं लागेल," ते खाली येत म्हणाले. "पण ती नुसती आडभिंत होती, वजन घेत नव्हती. इमारत त्या बाजूला खचत नाहीये. ती इथं खचतेय." त्यांनी तळघराच्या पूर्व कोपऱ्यात पाय आपटला. "लोपार्को, या कोपऱ्याखाली काय आहे?"

"पाया," लोपार्को म्हणाला. हाताची घडी मात्र सुटली होती.

"कसला?"

"चांगला. दगडावर."

काराम्यांनी मदतनिसाला ड्रिल लावायला सांगितलं. तळघर दणाणलं. धूळ उडाली, मावशीनं पदरासारखी शाल तोंडावर घेतली. पातं लादीतून गेलं, काँक्रीटमधून गेलं, आणि अचानक मुठीपर्यंत आत घुसलं. मदतनीस तोल जाऊन पडता पडता वाचला.

ड्रिल बंद झालं. काराम्यांनी वाटाण्याएवढा खडा उचलला आणि भोकात सोडला.

सगळे भोकाकडे वाकले.

काही नाही. काही नाही. मग खोल, गार अंधारातून आवाज आला: डुबुक.

"विहीर!" कुणीतरी ओरडलं.

"जुनी पावसाच्या पाण्याची टाकी," काराम्या म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "भरून काढायची सोडून नुसतं तोंड झाकलंय, आणि वर कोपरा उभा केलाय."

"अरे लोपार्को," जुलित्ता मावशी शालीआडून म्हणाली, "तुझ्या पायाला पोहता येतं का रे?"

तळघर हसण्यानं फुटलं. लोपार्को हसला नाही. फुमारोलांनी त्याच्या कानाला लागून काहीतरी विचारलं, त्याच्या उत्तरावर त्यांचे खांदे उतरले, आणि ते एर्सिलियाजवळ आले.

"वकीलबाई, बाहेर दोन मिनिटं बोलू या? तडजोडीचं."

"बोलू या. पण इथंच, आणि मोठ्यानं. घरं यांची आहेत." एर्सिलियानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "पहिली अट: टेकू आजच लागले पाहिजेत. बाकीचं नंतर मांडू."

काराम्यांनी मान हलवली. "मी तसं लिहूनच देतो."

लोपार्कोनं खिशातून फोन काढला. आठ वर्षांत कुणाचा न उचललेला तो फोन त्यानं स्वतःहून लावला, आणि पडेल आवाजात माणसं, लोखंडी खांब आणि ट्रक मागवला.

"आणि त्यांना सांग," मावशी म्हणाली, "पहिला खांब माझ्या पलंगाखाली. मी आज रात्री तिथंच झोपणार आहे."